कॉलनीमागच्या नव्या पुलाला सुभेदार काकांचं नाव द्यायला हवं, तुमचं मत सांगा (जरा मोठा धागा आहे)

रामबागकर
मंडळी नमस्कार. आपल्या कॉलनीच्या मागे इंदूरच्या कान्ह नदीवर जुना रपटा (पावसात पाण्याखाली जाणारा बुटका पूल) होता तो पाडून जो नवा पूल होतोय तो आता जवळजवळ झालाच, रेलिंगला रंग चाललाय, दोन्ही बाजूंची भर टाकून डांबर व्हायचंय फक्त. आणि काल पानाच्या ठेल्यावर ऐकलं की नाव काय द्यायचं याची चर्चा वर सुरू झालीये. म्हणजे आपण गप्प बसलो तर एक दिवस बोर्ड लागेल, फीत कापली जाईल आणि आपण टाळ्या वाजवायला उभे.

माझं म्हणणं सरळ आहे. नाव सुभेदार काकांचं द्यावं. जुने लोक ओळखतातच, नव्यांसाठी सांगतो (आडनाव मुद्दाम लिहीत नाहीये, घरच्यांना विचारल्याशिवाय नाही लिहिणार). काका बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेच्या खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे. ६५ ची लढाई पाहिलेली, ७१ ला हवालदार होते आणि पश्चिम आघाडीवर शकरगडच्या बाजूला होते, तिथे आपल्या इंजिनिअर लोकांनी माइनफील्डमधून, म्हणजे सुरुंग पेरलेल्या जमिनीतून, रणगाड्यांना वाट काढून दिली. रिटायर होऊन इंदूरला आले, एका मिलमध्ये सिक्युरिटीला लागले आणि मरेपर्यंत आपल्याच गल्लीत राहिले. गेल्या वर्षी गेले.

सॅपरचं काम काय असतं हे मला त्यांच्यामुळेच कळलं. बेली ब्रिज (फौजेचा, लोखंडी पॅनलं जोडून उभा करायचा पूल) कसा जोडतात ते ओट्यावर बसून माचिसच्या काड्या मांडून दाखवायचे. एक पॅनल १० फूट लांब, वजन ५७० पौंड म्हणजे साधारण २६० किलो, आणि ते क्रेनने नाही, सहा माणसं दांडे लावून उचलतात, पॅनलला पॅनल लागलं की भोकात पिन ठोकायची. काका म्हणायचे पिन नीट बसली की हातोड्याचा आवाज बदलतो, अंधारात दिवा न लावता काम करायचं तर कानानेच कळतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पूल बांधले आणि सुरुंग उचलले त्याच्या घरापासून दोनशे पावलांवर पूल होतोय, आणि त्याला दुसऱ्या कुणाचं नाव द्यायचं हे माझ्या मनाला पटत नाही.

अजून एक. जुन्या रपट्यावर पावसाळ्यात पाणी यायचं तेव्हा काकांनी एक बांबू लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवून, फुटाच्या खुणा करून तिथे रोवला होता. पाणी दुसऱ्या पट्टीला लागलं की स्वतः दोरी बांधून रस्ता बंद. स्कूटरवाले शिव्या द्यायचे, काका हलायचे नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जण तेव्हा शाळेत जात होते, त्यांना आठवत असेल. बोला.

सराफा_रात्रीचा
शंभर टक्के पाठिंबा. मला त्या बांबूवरून ओरडा बसलाय, सायकल घेऊन जात होतो पाण्यातून. कॉलर धरून मागे ओढलं होतं.

पण भिया एक काळजी सांगतो. आपल्या इंदुरात नावं टिकत नाहीत. भंवरकुआँ चौकाला टंट्या मामांचं (आदिवासी क्रांतिकारक टंट्या भील) नाव दिलं, रिक्षावाल्याला अजून भंवरकुआँच सांगावं लागतं. महूचं डॉ. आंबेडकर नगर होऊन २० वर्षं होऊन गेली, तिकिटावर आहे, बोलण्यात महूच आहे. महाराजा यशवंतराव हॉस्पिटल म्हणजे आपल्याला एमवाय. लहान पोरांना विचारा एमवाय म्हणजे कोण, कुणी सांगत नाही. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं डीएव्हीव्ही झालं. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसांची ही गत तर आपले काका दोन महिन्यांत 'कॉलनीवाला पूल' होऊन जातील. नाव देणं सोपं आहे हो, लोकांच्या तोंडी बसवणं अवघड.

पलासिया_ताई
पण शास्त्री ब्रिज बसलाच ना तोंडी? स्टेशनजवळचा, सगळे शास्त्री ब्रिजच म्हणतात. कारण नाव छोटं आहे. गांधी हॉलचंही तसंच, १९०४ ला बांधला तेव्हा किंग एडवर्ड हॉल होता, १९४८ ला गांधी हॉल झाला आणि एडवर्ड कुणाला आठवतही नाही आता. म्हणजे नाव टिकतं. 'माननीय स्वर्गीय वीर सुभेदार अमुक अमुक स्मृती सेतू' असलं लांबलचक ठेवलं तर नाही टिकणार. 'सुभेदार पूल' ठेवा, बघा कसं बसतं ते.

खंडवा_रोड
विरोध करायचा म्हणून करत नाहीये, काकांबद्दल आदर आहेच. पण पुलाला नाव द्यायचंच आहे तर मग मोठं नाव का नाही? सॅपर हवा ना, मग मेजर राम राघोबा राणे. त्यांचं काम बघा: एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता, शत्रूने झाडं पाडून रस्ता अडवलेला, जागोजागी सुरुंग, वरून मॉर्टर आणि मशीनगन. ८ एप्रिलला पहिल्याच दिवशी मॉर्टरच्या माऱ्यात त्यांची दोन माणसं गेली, ते स्वतः जखमी झाले, तरी ११ तारखेपर्यंत थांबले नाहीत, रात्रंदिवस सुरुंग काढत, अडथळे उडवत, वळणाचा रस्ता करत रणगाडे पुढे नेले. परमवीर चक्र मिळालं, जिवंत असताना. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे, १९९४ ला पुण्यात वारले. आपल्या मराठी पोरांना अब्दुल हमीद माहीत आहेत, विक्रम बत्रा माहीत आहेत, राणे माहीत नाहीत. पुलाला राणे नाव द्या, पोरं विचारतील तरी कोण होते.

रामबागकर
@खंडवा_रोड राणे साहेबांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, आणि काका स्वतः त्यांचं नाव घेताना उभे राहायचे, हे खरं आहे. पण बघा ना, राणे साहेबांची आठवण देशाने ठेवलीये. २०२३ ला पराक्रम दिवसाला अंदमानच्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली त्यात राणे द्वीप आहे, शिपिंग कॉर्पोरेशनचं एक जहाज त्यांच्या नावाचं होतं, कारवारला समुद्रकिनाऱ्यावर पुतळा आहे. सगळं योग्यच आहे. आमच्या काकांचं कुठेय काय? एक पेन्शन बुक आणि भिंतीवर एक फोटो.

आणि मला हेच म्हणायचंय, की जो लढाईत गेला त्याचं स्मारक होतं (तेही सगळ्यांचं नाही), ज्याला मोठं पदक मिळालं त्याचं नाव होतं, पण जो लढून परत आला, रेशनच्या लाइनीत उभा राहिला, तीस वर्षं शेजारी राहिला, त्याला आपण फक्त '१५ ऑगस्टला झेंडा चढवायला बोलावू' एवढंच करतो. परत आलेल्या माणसाने काही कमी दिलं असं थोडंच आहे. मोठी नावं मोठ्या पुलांना द्या ना, रिंगरोडच्या फ्लायओव्हरला द्या, मी स्वतः सही करेन. आमचा पूल चाळीस पावलांचा आहे, त्यावर आमच्या गल्लीतला माणूस शोभतो.

महूवाला
मी तिन्ही बाजू वाचल्या. घर फौजी आहे, वडील सिग्नल्सला होते, त्यामुळे थोडं सांगतो, रागावू नका.

पहिली गोष्ट, कागद. निगमला (म्हणजे महापालिकेला) नुसत्या आठवणी चालणार नाहीत. घरच्यांकडून डिस्चार्ज बुक आणि पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स घ्या. मेडल कोणती आहेत ते बघा, मेडलच सगळं सांगतात: ६५ चं समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, ७१ ला पश्चिम आघाडीवर असतील तर पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडल. पूर्वेकडे असते तर पूर्वी स्टार असतं. रिबनचे रंग वेगळे असतात. त्यावरून कुठे होते ते पक्कं होतं आणि उद्या कुणी म्हणालं की हे लढाईवर गेलेच नव्हते तर तोंड बंद. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन त्यांचं पत्र घ्या, ते लोक मदत करतात.

दुसरी गोष्ट, जास्त सांगू नका. काका जेवढं स्वतः सांगायचे तेवढंच लिहा. मी असे बोर्ड पाहिलेत ज्यात माणूस हवालदार होता आणि खाली लिहिलंय की त्याने एकट्याने चौकी जिंकली. घरच्यांनाच नंतर लाज वाटते. सॅपर होते, ७१ ला शकरगडकडे होते, सुरुंग काढले, पूल बांधले. हे पुरेसं आहे, याला साखर लावायची गरज नाही.

छत्रीबाग
आपल्या इंदूरची तर स्वतःची पलटण होती होळकरांची, संस्थान विलीन झाल्यावर इंदूर इन्फन्ट्री कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली, १५ कुमाऊँ. हे किती लोकांना माहितीये? माझे पणजोबा त्या फौजेत होते म्हणून मला माहीत. मला तर वाटतं इंदुरात प्रत्येक वॉर्डात एक तरी पूल, गल्ली, बगीचा अशा माणसाच्या नावाचा पाहिजे. सुरुवात काकांपासून करा. +१

लकडीपूल_ते_राजवाडा
मूळ पुण्याचा, लग्नानंतर इंदूरकर. पुण्यात संभाजी पूल आहे, बोर्ड आहे, सगळं आहे, आणि अख्खं पुणे लकडी पूल म्हणतं. त्यामुळे सराफावाल्या दादांची काळजी मला पटते.

पण दुसरं उदाहरणही देतो. लडाखमध्ये श्योक नदीवर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जो मोठा पूल उघडला, दुरबुकहून दौलत बेग ओल्डीला जाणाऱ्या रस्त्यावर, त्याला कर्नल छेवांग रिंचेन सेतू नाव दिलंय. रिंचेन म्हणजे ज्यांना दोनदा महावीर चक्र मिळालं, १९४८ ला पोरसवदा वयात आणि परत १९७१ ला. लडाखमधल्या नुब्राचेच. लढाईत गेले नाहीत, घरी परत आले, म्हातारे होऊन वारले. त्यांच्याच भागातली नदी, त्यांच्याच भागातला पूल. म्हणजे रामबागकर म्हणतायत ते काही जगावेगळं नाही. परत आलेल्या माणसाचं नाव पुलाला देतात, आणि जिथला माणूस तिथलाच पूल असला की ते नाव खरं वाटतं.

बायपासवरून
मला वेगळंच बोलायचंय. नावाचं नंतर बघा हो. त्या पुलावर फुटपाथ दिलाच नाहीये, रेलिंग कमरेच्या खाली आहे, दिवे अजून नाहीत, आणि उतारावर पाण्याला निकास नाही. पहिल्या पावसात कडेला तळं होणार. काका असते तर नावाच्या आधी हे विचारलं असतं.

रामबागकर
@बायपासवरून अगदी बरोबर आणि म्हणूनच हे दोन्ही एकाच अर्जात घालूया. आज सकाळी जाऊन पाहिलं, रेलिंग माझ्या मांडीला लागते, लहान पोरगं वाकलं तर खाली. सॅपरचं नाव असलेल्या पुलावरून पोर पडलं तर ते नाव ठेवून काय करायचं.

पलासिया_ताई
अर्जाचं मी सांगते, आमच्या चौकातल्या बगीच्याच्या नावासाठी धावपळ केली होती आम्ही. आधी पूल कुणाचा ते शोधा. इंदुरात एक पूल निगमचा असतो, दुसरा आयडीएचा (इंदूर विकास प्राधिकरणाचा), तिसरा पीडब्ल्यूडीचा, रेल्वेवरचा असेल तर रेल्वेही मध्ये. ज्याचा पूल त्यालाच अर्ज, नाहीतर फाइल या खिडकीवरून त्या खिडकीवर. कळत नसेल तर आरटीआय टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. निगमचा निघाला तर पार्षदांकडून (नगरसेवकांकडून) लेखी प्रस्ताव, झोन ऑफिसची पावती, मग एमआयसी (महापौरांची मेयर-इन-कौन्सिल), मग परिषदेत ठराव. पावती घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका. आणि मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) एक कॉपी द्याच, तिथे नोंद होते.

सह्या घरोघरी जाऊन घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे अंगठे कुणी मोजत नाही. आणि पुलाच्या पलीकडच्या वस्तीतल्या सह्याही हव्यात, पूल दोन बाजूंना असतो. ते लोक म्हणतील आमचं कुणी का नाही, तर त्यांना आधीच विचारा.

आणि सगळ्यात पहिलं, घरच्यांना विचारलंत का? धागा एवढा लांब झाला आणि काकूंना माहीत तरी आहे का?

नदीपलीकडची
मी त्यांची नात. धागा आईने दाखवला. इथे वाचते नेहमी, लिहिते पहिल्यांदाच.

आजीला वाचून दाखवलं. बांबूचं ऐकून ती रडली आणि मग म्हणाली तो बांबू अजून माळ्यावर आहे, फेकलेला नाही. रंग उडालाय पण फुटाच्या खुणा कोरलेल्या असल्यामुळे हाताला लागतात.

घरात दोन मतं आहेत. बाबांना आवडलंय. आजीचं म्हणणं असं की आजोबांना हे चाललं नसतं. ते कधी पुढे बसायचे नाहीत, १५ ऑगस्टला बोलावलं तरी मागच्या रांगेत. कुणी 'तुम्ही पूल बांधलेत' म्हणालं की ते लगेच 'आम्ही' म्हणायचे, आणि मग नावं सांगायला लागायचे, त्यांच्या सेक्शनमधल्या सगळ्यांची, गावासकट. त्यातले तीन परत आले नाहीत. ती नावं त्यांनी एका वहीत लिहून ठेवलीत, दर दिवाळीला वही काढून वाचायचे.

म्हणून आजीची अट अशी आहे, नाव द्यायचं तर द्या, पण ते तीन जण बोर्डवर असले पाहिजेत. ते इंदूरचे नव्हते, मराठी पण सगळे नव्हते. आणि फोटो नको, हार घालायची जागा नको, कुणाही नेत्याचं नाव आजोबांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात नको. एवढं मान्य असेल तर कागद मी स्वतः काढून देते, समर सेवा स्टार आणि पश्चिमी स्टार दोन्ही आहेत, महूवाल्या काकांनी सांगितलं तसंच.

सराफा_रात्रीचा
ताई, आजींना सांगा मान्य आहे. माझ्याकडून तरी.

खंडवा_रोड
मी माझं राणे साहेबांचं मागे घेत नाही, पण ते दुसऱ्या पुलासाठी ठेवतो. या पुलाला सुभेदार काका. सही कुठे करायची सांगा.

छत्रीबाग
मला एक शंका आहे. बाहेरच्या तीन जणांची नावं आपल्या वॉर्डातल्या पुलावर, निगम म्हणेल यांचा इथे काय संबंध. प्रस्ताव त्यातच अडकला तर? नाहीतर असं करू, नुसतं 'सॅपर सेतू' ठेवू, सगळेच त्यात आले.

रामबागकर
@छत्रीबाग नाही, यावर मी अडून बसणार. 'सॅपर सेतू', 'सैनिक सेतू', 'वीर स्मृती' अशी नावं ठेवली की कुणालाच राग येत नाही हे खरं आहे पण कुणाची आठवणही राहत नाही. पोराने विचारलं कोण तर आई सांगणार काय? माणसाचं नाव पाहिजे. काकांचं नाव पुलाला, आणि त्या तिघांची नावं बोर्डवर, त्यांच्या गावांसकट. संबंध काय विचारलं तर सांगू की हे त्यांच्याबरोबर होते. याहून मोठा संबंध काय असतो मला माहीत नाही. ठरावात अडचण आली तर पुलाचं नाव निगमच्या बोर्डवर आणि बाकीचा मजकूर वेगळ्या दगडावर, दगडाचा खर्च आपण कॉलनीतून करू, परवानगी फक्त घ्यावी लागेल. पण तिघांना सोडून पुढे जायचं नाही, आजींनी ज्या दिवशी अट सांगितली त्या दिवशी तो विषय संपला.

बोर्ड डोळ्यांच्या उंचीवर हवा, वर कमानीवर नको जिथे गाडीतून कुणाला वाचता येत नाही. पायी जाणाऱ्या माणसाने थांबून वाचावा असा. मजकूर हिंदी आणि मराठी दोन्हीत. मी मराठी मसुदा टाकतो, नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्यात, त्या घरचे भरतील:

'सुभेदार ______ पूल. बॉम्बे सॅपर्स. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत सेवा. पुढे जाणाऱ्या सैन्यासाठी त्यांनी सुरुंग काढले व पूल बांधले. निवृत्तीनंतर ते याच वस्तीत राहिले आणि पुरात या जागी उभे राहून लोकांना अडवून त्यांचे जीव सांभाळले. त्यांच्यासोबत होते आणि परत आले नाहीत: ______ (गाव ______), ______ (गाव ______), ______ (गाव ______).'

आणि बांबू. नातीने लिहिलंय तो अजून आहे. पुलाच्या खांबावर तशाच लाल-पांढऱ्या पट्ट्या आणि फुटाच्या खुणा रंगवून मागायच्या, अर्जात तिसरा मुद्दा. पाणी किती चढलं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे, आणि त्याला पुतळ्याएवढा खर्चही नाही.

रविवारी सकाळी सह्यांना निघायचंय, आधी पलीकडच्या वस्तीत. कोण कोण येतंय लिहा.

पलासिया_ताई
मी येते. कार्बन पेपर आणि स्टॅम्पपॅड आणते, पलीकडे काही आज्या सही करत नाहीत, अंगठा देतात.

बायपासवरून
रेलिंगची उंची मोजून फोटो काढून ठेवलेत, टेप लावून. अर्जाला जोडा. मी पण येतो.

लकडीपूल_ते_राजवाडा
हिंदी मसुदा मी करून देतो, आज रात्री टाकतो.

महूवाला
मसुदा चांगला झालाय. दोन दुरुस्त्या. 'बॉम्बे सॅपर्स' सोबत त्यांच्या कंपनीचा किंवा रेजिमेंटचा नंबर लिहा, डिस्चार्ज बुकात असेल, त्याने फौजी माणूस ओळखतो. सर्व्हिस नंबर मात्र बोर्डवर नको. आणि ती तीन नावं वहीतल्या स्पेलिंगवर सोडू नका, खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकून तपासून घ्या, त्यांच्या घरचे लोक कुठेतरी असतील आणि उद्या फोटो त्यांच्यापर्यंत पोचला तर नाव चुकलेलं नको. पत्राचा मजकूर मी लिहून देतो. रविवारी महूहून आठच्या गाडीने निघतो, थांबा माझ्यासाठी.